मला इचारा

उमरग्यात भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक अप्पांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं आणि म्हणाले, "मला इचारा, अप्पा, ह्या खोलीला भायेरून कडी का न्हाय?"

मी म्हटलं, "का नाही?"

"तसं न्हवं. पुरतं इचारा."

हातातली पिशवी खाली ठेवून मी पुरतं विचारलं. अप्पांचा चेहरा असा खुलला, की जणू प्रश्न मला आपणहून सुचला असावा. आढ्याकडं बघत त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "त्याचं असं हाय म्याडम. भायेरून कडी आली की कुलूप आलं. कुलूप दिसलं की चोराला कळतं, घरात कुणी न्हाय. आपनहून त्याला कशापाय सांगायचं?" मग मी बाहेर जाताना दार कसं लावायचं, असं मी विचारलं. ते त्यांनी ऐकलंच नाही. हा प्रश्न त्यांनी काढलेला नव्हता.

खोली मी घेतली. मी परंड्याकडची, सोनारीची. देवळापुढच्या वानरांच्या तावडीतून हातातला प्रसाद वाचवत लहानाची मोठी झालेली. कुलपाविना राहायची मला कसली भीती.

अप्पांचा जन्म बाजारात गेला. आडत दुकान होतं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरा सदरा. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माल चांगला नसेल तर हमालाशी कानडी. सगळं आयुष्य लोक त्यांना विचारत आले होते. अप्पा, तूर ठेवू का विकू? अप्पा, पाऊस धरंल का? अप्पा, पोरगी ह्या घरात देऊ का? वय झालं, दुकान बंद केलं. मुलगा ट्रान्सपोर्टात गेला, तो आठवड्यातले बरेच दिवस हैदराबादच्या रस्त्यावरच असायचा. दुकान बंद झालं तसे लोकांचे प्रश्न बंद झाले. उत्तरं मात्र आत तयार होतच राहिली. म्हणून प्रश्नही आता अप्पाच पुरवायचे. तुम्ही फक्त तो त्यांना विचारायचा. अर्धवट विचारलेला चालायचा नाही.

टीव्हीवर निवडणुकीच्या आधी जनतेचा कौल सांगायला लागले की अप्पा खुर्चीतून पुढं सरकायचे. "जनता म्हणती. कोण जनता? मला इचारलं का? तुमाला इचारलं का?" मग रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्याला हाक मारून, "तुला इचारलं का रे?" तो बिचारा मान हलवून पुढं जायचा. "बगा. म्हंजे हे घरात बसून लिवतेत."

अशा माणसाच्या घरात मी राहायला आले आणि माझं काम काय, तर लोकांची मतं गोळा करायची. एका संस्थेचं सर्वेक्षण होतं. घरात आरोग्याचं सरकारी कार्ड आहे का, असलं तर ते दवाखान्यात चालतं का, आजारी पडल्यावर तुम्ही कुठं जाता, आणि या सगळ्याबद्दल तुमचं मत काय. हे ऐकल्यावर अप्पांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"घरोघर जाऊन मतं इचारता? आपनहून?"

"हो."

"आनि लिवून घेता?"

"टॅबवर भरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर अप्पा दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर खुर्चीत बसलेले. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. मी चपला घालायला लागले तसे म्हणाले, "हितनंच सुरू करा की."

मला सांगावं लागलं, की असं नसतं. आधी सगळ्या गल्लीची यादी करायची, मग संगणक त्यातली काही घरं निवडतो, आणि तेवढ्याच घरांना विचारायचं. अप्पांना पटलं नाही. "मंग कंप्युटरला सांगा की आमचं नाव." मी म्हटलं, तो कुणाचं ऐकत नाही. "म्हंजे भिशीसारखं," ते म्हणाले, आणि जरा शांत झाले. "भिशीत बी नंबर लागतोच कवा तरी." संध्याकाळी परत आले तेव्हा दुसरी खुर्ची तिथंच होती.

त्या यादीतच खरी मेख निघाली. आमच्या कामात कुटुंब म्हणजे एका छपराखालची माणसं नव्हेत. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. चूल म्हणजे आता गॅसच, पण शब्द तोच. मी अप्पांच्या सूनबाईंना विचारलं, "घरात चुली किती?"

सूनबाई धुणं वाळत घालत होत्या. टपोऱ्या डोळ्यांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. "दोन," त्या म्हणाल्या आणि पिळा जरा जास्तच जोरात झटकला. "एक माझी, एक मामांची."

सासऱ्याला त्या मामा म्हणायच्या. चूल वेगळी झाली होती मिठावरून. अप्पांना बीपी होतं, चांगलंच होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं, की असंच चाललं तर एक दिवस चालता चालता पडाल. मीठ बंद, आणि रोज एक गोळी. अप्पांनी मशीन पुन्हा लावायला लावलं, पुन्हा तोच आकडा आला. "ते मशीनचं मत झालं," अप्पा म्हणाले. "माझं येगळं हाय." गोळीला त्यांचं उत्तर एकच असायचं, "बेड." कानडीत बेड म्हणजे नको, आणि अप्पांच्या तोंडून तो अगदी छाटून टाकल्यासारखा यायचा. सूनबाई मात्र डॉक्टरचं ऐकणाऱ्या. त्यांनी त्याच संध्याकाळी बिनमिठाची आमटी वाढली. अप्पांनी एक घास घेतला, ताट सरकवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत स्वतःची शेगडी मांडली. त्या शेगडीवर ते जी लालभडक, खारट आमटी करायचे तिच्या वासानं मला माझ्या खोलीत ठसका लागायचा. सासू-सुनांच्या चुली वेगळ्या झालेल्या मी पुष्कळ बघितल्यात. सासऱ्यानं आपली चूल वेगळी मांडलेली पहिल्यांदाच बघितली.

तेव्हापासून सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नव्हते. मधे जो कोण असेल त्याच्यामार्फत बोलायचे. मी आल्यावर ते काम माझ्याकडं आलं. "म्याडम, त्यांना सांगा नळाला पाणी आलंय." "म्याडम, सूनबाईंना सांगा, दिसतंय मला." नळ तिघांच्याही समोर असायचा.

एकदा दुपारी सूनबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्यांचा फोन आला की मला धस्स होतं. मामांचं कसं हाय इचारतेत. काय सांगू? मानूस तिकडं रस्त्यावर गाडीत, आनि हितं हे मिठाचा डबा घेऊन बसलेत." तेवढं बोलून त्या गेल्या. त्या दिवशी मला आमटीच्या वासाचा पहिल्यांदा राग आला.

काम सुरू झालं. गल्लोगल्ली, मग आसपासच्या गावांत. लोकांना मत विचारणं सोपं नसतं. मत विचारलं की लोक आधी रेशन बंद होणार का ते विचारतात. "घरात कुणी आजारी?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "न्हाय न्हाय, देवाच्या दयेनं कुणाला काय न्हाय." टॅब बंद करून उठले की मागून हळूच, "म्याडम, गुडघ्यावर एखांदी गोळी हाय का तुमच्याकडं?" एका आजीनं आरोग्याचं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, हळदकुंकू वाहून. कधी वापरलं का, विचारलं तर म्हणाली, "वापरतेय की, दसऱ्याला पुजते."

रात्री जेवताना हे मी सूनबाईंना सांगायची आणि पुढच्या खोलीतून अप्पा ऐकायचे. त्यांची स्वतःची पाहणी रोज सकाळी असायची. दवाखान्यांच्या रस्त्यानं फिरायला जायचं आणि दारातल्या चपला बघायच्या. दवाखाना पाटीवरून नाही, चपलांवरून ओळखावा, असं त्यांचं मत. नुसत्या जास्त असून उपयोग नाही. शेताची माती लागलेल्या किती, ते बघायचं. "मातीचं मानूस उगं डाक्टरकडं जात न्हाय," ते म्हणायचे. "तिथं जाऊन बरं होत आसंल तरच जातं." हे मला पटलं होतं. पण माझ्या टॅबमध्ये चपलांना जागा नव्हती.

मग आमच्या गल्लीची संगणकाची निवड आली. गल्लीतले एक शेजारी निघाले. अप्पांना तो घाव बसला. "त्याला? सकाळी च्या घ्यावा का कॉफी, ते बी तो बायकोला इचारतो. त्याचं काय मत?" आणि दुसरं नाव होतं आमच्याच घरचं. अप्पा उठून उभे राहिले.

"अप्पा," मी म्हटलं, "सूनबाईंची चूल निघालीय. तुमची नाही."

मी त्यांना रागावलेलं बघितलं होतं. असं पडलेल्या चेहऱ्यानं बघितलं नव्हतं. ते खाली बसले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले. मला खरंच वाईट वाटलं. मी धाराशिवला आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे सदैव घाईत असलेला, पण नियमाला पक्का माणूस. ते म्हणाले, "यादीनंतर दोन चुली एक झाल्या असतील तर एकच कुटुंब धरायचं आणि घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचं. पण खरंच एक झाल्यात का, हे डोळ्यांनी बघावं लागेल. आणि तुम्ही तिथंच राहता, तेव्हा ते घर तुम्ही करायचं नाही. मीच येतो."

हे मी अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ डबीवरून बोट फिरवत बसले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सूनबाईंना इचारा, आजपसनं म्या हिकडं जेवलो तर चालंल का."

सूनबाई हातभर अंतरावर भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना सांगा म्याडम, घर त्यांचंच हाय. पण माझ्या चुलीवर दोन आमट्या व्हत न्हायत. आमी खातो तेच खावं लागंल. आनि जेवल्यावर गोळी."

"गोळी कशापाय? चूल एक करायची म्हटलं. चुलीचा आनि गोळीचा काय संबंध?"

"मंग ऱ्हाऊ द्या."

तव्यावर भाकरी फुगली, उतरली. दुसरी पडली. अप्पा तिथंच उभे. बाजारात त्यांनी भल्याभल्यांना भावावर झुलवलं असेल, पण इथं माल दुसऱ्याच्या हातात होता.

"त्यांना सांगा," शेवटी ते म्हणाले, "हौदु."

हौदु म्हणजे होय. सूनबाईंनी पाठ फिरवून पाट मांडला. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण पुढची भाकरी जरा वाकडी झाली.

साहेब आले त्या दुपारी पुढच्या खोलीतली शेगडी माळ्यावर गेलेली होती. साहेबांनी स्वयंपाकघर बघितलं, एकच शेगडी बघितली, आणि सूनबाईंनी त्यांनाही पान वाढलं. साहेबांनी पहिला घास घेतला, इकडं-तिकडं बघितलं आणि मीठ मागितलं. "हितं मीठ नसतं," अप्पा गंभीरपणे म्हणाले आणि भुरका मारला. त्यांच्या घशाखाली तो कसा उतरत होता ते मला दिसत होतं. जेवण झाल्यावर सूनबाईंनी वाटीत गोळी आणून ठेवली. अप्पांनी साहेबांकडं बघितलं, गोळीकडं बघितलं आणि गिळली.

मग दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. अप्पा ताठ बसले आणि म्हणाले, "मला इचारा..."

"विचारतोच आहे," साहेब म्हणाले. "सरकारी आरोग्य कार्डाबद्दल तुमचं एकंदर मत काय? पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, का पूर्ण असमाधानी?"

अप्पांनी घसा साफ केला. ते जे बोलले ते इतकं नीट बोलले की मी बघत राहिले. कार्ड चांगलं आहे, ते म्हणाले. गरिबाच्या हातात काहीतरी आलं. पण कार्ड देव्हाऱ्यात, दवाखाना लांब आणि आजारी माणूस मधेच एसटी स्टँडवर, असं झालंय. कुठल्या आजाराला कार्ड चालतं ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही. चपलांचंही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे असमाधानी," साहेब म्हणाले.

"आसमाधानी कशापाय? कार्ड चांगलं हाय म्हटलं की."

"मग समाधानी."

"समाधानी आसतो तर येवढं बोललो आसतो का?"

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि बोट टेकवलं. अप्पांनी वाकून टॅबमध्ये बघितलं. "हे काय लिवलं?"

"सांगता येत नाही."

"येवढं सांगितलं," अप्पा म्हणाले, "आनि सांगता येत न्हाय?"

मी तोंडाला पदर लावला. साहेब तोवर पुढच्या प्रश्नावर गेले होते. गेल्या वर्षभरात घरात कुणाला उपचारांची गरज होती, पण ते घेतले नाहीत, असं झालं का? झालं असेल तर कारण काय? पैसे नव्हते, दवाखाना लांब होता, कार्ड चाललं नाही, सोबत कुणी नव्हतं, की इतर?

हा प्रश्न अप्पांनी काढलेला नव्हता. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"झालं," अप्पा म्हणाले. "मलाच गोळी सांगितली व्हती. घेतली न्हाय."

"कारण?"

"इतर."

"इतर म्हणजे काय लिहू?"

अप्पा हाताकडं बघत होते. "घरची गेली दोन सालाखाली. तिचा हात खारट व्हता. सगळी दुनिया नावं ठिवायची. म्या जन्मभर तेच खाल्लं. मंग आळणी पुढ्यात आलं तवा वाटलं, ती परत एकदा गेली." मग टॅबकडं बोट करून ते म्हणाले, "येवढं मोठं बसायचं न्हाय तुमच्यात. मीठ लिवा."

साहेबांनी मीठ लिहिलं. या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. जाताना साहेब नेहमीसारखं म्हणाले, "गरज पडली तर पडताळणीला पुन्हा फेरी होईल." हे आम्ही सगळ्याच घरी म्हणतो. होत कधीच नाही.

सूनबाईंनी मात्र ते वाक्य पदरात बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी अप्पा माळ्याकडं बघत उभे होते, तर त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या मला म्हणाल्या, "म्याडम, फेरीला कवाबी येतेत म्हणं साहेब. आनि दोन चुली दिसल्या तर समदा जबाब रद्द. व्हय का न्हाय?" आणि डोळ्यांनी मला खुणावलं.

"व्हय," मी म्हटलं.

अप्पा माळ्यापासून दूर झाले.

माझं काम संपलं, मी उमरगा सोडलं. सर्वेक्षणही पुढं बंद पडलं. मी धाराशिवात दुसऱ्या कामाला लागले. मधे तीन-चार वर्षं गेली, आणि परवा उमरग्याला जाणं झालं तेव्हा घरी डोकावले. सूनबाईंनी मला फाटकातच गाठलं. "म्याडम, फेरी बंद पडली हे मामांना बोलू नका. आजून वाट बघतेत. गोळी बी घेतेत, खाणं बी आळणीच हाय. डाक्टर म्हणला, लई सुधारलंय."

अप्पा ओट्यावर होते, समोर रिकामी खुर्ची. वाळले होते, पण तजेलदार दिसत होते. "सूनबाई, म्याडमला च्या टाक," ते म्हणाले. थेट सुनेला म्हणाले, माझ्यामार्फत नव्हे. त्या आत गेल्याची खात्री करून ते पुढं वाकले.

"मला इचारा, अप्पा, फेरी येनार का?"

मी पुरतं विचारलं. "अप्पा, फेरी येणार का?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "माझा जन्म बाजारात गेला. परत येतो म्हणून गेलेलं गिऱ्हाईक म्या वळखत न्हाय व्हय? साहेब फाटकातून भायेर पडले तवाच कळलं."

"मग इतकी वर्षं हे अळणी का खाताय?"

हा प्रश्न माझा होता, त्यांनी पुरवलेला नव्हता. तरी या वेळी त्यांनी ऐकला.

"तिला कळू दिऊ नका," ते हळूच म्हणाले. "मला फसवलंय म्हणून लई खूश हाय ती."

सूनबाई चहा घेऊन दारात आल्या. अप्पा एकदम ताठ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंग म्याडम, फेरी कवा हाय?"

दोघंही माझ्याकडं बघत होते.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

दोघंही पूर्ण समाधानी दिसले.